महिनाअखेरचं तूप

सयाजी शेवाळ्याचं एक लाडकं मत होतं, आणि ते तो विचारणाऱ्याला आणि न विचारणाऱ्यालाही ऐकवायचा. माणसाचा पगार खरा केवढा हे बघायचं असेल, तर त्याच्या घरी पहिल्या तारखेला जाऊ नये. पहिल्या तारखेला काय, सगळेच राजे. जावं महिनाअखेरीला. तेव्हा चहात दूध किती ते दिसतं, डबे रिकामे वाजतात की नाही ते ऐकू येतं, आणि उरलेलं सगळं घरच्या बाईच्या चेहऱ्यावर वाचता येतं.

मत तसं वाईट नव्हतं. पण शहाण्या मताला कवटाळून वेडेपणा करणारी माणसं जगात पैशाला पासरी मिळतात, आणि सयाजी त्यातलाच एक.

सरकारी आयटीआयमध्ये तो फिटर ट्रेडचा निदेशक होता. निदेशक म्हणजे पोरांना कानस धरायला शिकवणारा मास्तर, आणि चाळीतले लोक त्याला मास्तरच म्हणत. चिंचवडगावात नदीच्या अंगाला त्याच्या दोन खोल्या. वर पत्रा, खाली शहाबादी फरशी. ही गोष्ट चौऱ्याहत्तर-पंचाहत्तरच्या सुमाराची. नगरपालिका होऊन थोडीच वर्षं झाली होती. कंपन्यांचे भोंगे पहाटेपासून वाजायचे, मिळेल त्या खोलीत सातारा, मराठवाडा आणि कोकण दाटीवाटीनं राहायचं, आणि भाडं दरवर्षी चढायचं. सयाजीला राग यायचा तो एका गोष्टीचा. भत्ता द्यायची वेळ आली की सरकार म्हणे, चिंचवड म्हणजे काही पुणे शहर नव्हे. भाडं घ्यायची वेळ आली की घरमालक म्हणे, चिंचवड म्हणजे पुणंच की हो! या दोघांच्या मधे सयाजीचा पगार कानशीखालच्या लोखंडासारखा झिजायचा.

आणि तोच पगार, अगदी तेवढाच, यशवंत निकमला कराडात मिळायचा.

यशवंत हा त्याचा जुना दोस्त. दोघांनी मुंबईला निदेशकाचं ट्रेनिंग एकत्र केलं, एका खोलीत राहिले, एकाच दुकानातून एकसारख्या हिरव्या पत्र्याच्या ट्रंका घेतल्या, आणि नेमणुकीचे हुकूमही दोघांना एकदमच मिळाले. सयाजीला चिंचवड, यशवंताला कराड. तेव्हा यशवंताचं तोंड एवढंसं झालं होतं आणि सयाजीनं त्याची समजूत घातली होती, "अरे, कराड काय वाईट आहे? कृष्णामाई आहे, हवा चांगली आहे." मन मोठं करायला तेव्हा पदरचं काही जात नव्हतं. पुण्याची बाजू आपल्या वाट्याला आली होती.

आयटीआयमध्ये वार्षिक परीक्षेला बाहेरगावचा परीक्षक बोलावतात. आपल्याच पोरांना आपणच मार्क वाटू नयेत म्हणून ही चाल. एका वर्षी कराडच्या फिटरांची परीक्षा घ्यायला सयाजीला धाडलं. महिना संपत आलेला. सयाजी मनात म्हणाला, बरं झालं, यशवंताचं खरं काय ते आता कळेल.

फिटरची परीक्षा म्हणजे लोखंडाचे दोन तुकडे कानसून एकमेकांत बसवायचे. परीक्षक तो जोड उजेडासमोर धरतो, आणि सांध्यातून उजेड दिसला की मार्क कापतो. या कामात सयाजीची नजर अशी तयार होती की केसाएवढी फट सुटायची नाही. दिवसभर त्यानं कराडच्या पोरांचे जोड उजेडात धरून बघितले आणि संध्याकाळी यशवंताकडे जेवायला गेला.

अंगणात पाऊल टाकतो तोच पुढ्यात म्हैस. काळीभोर, अंगानं भरलेली. यशवंतानं ऐटीत तिच्या पाठीवर थाप मारायला हात पुढे केला, तर म्हैस बिथरून दोन पावलं मागे सरली आणि शिंग रोखून उभी राहिली. "द्वाड आहे जरा," यशवंत हसत म्हणाला. आत पाट, रांगोळी, पाण्याला चांदीचा पेला. यशवंताच्या बायकोनं, शालनबाईंनी, पुरणपोळी केली होती. आणि तूप त्या चमच्यानं वाढत नव्हत्या. वाटी उचलून धार धरत होत्या.

"पुरे हो वहिनी, पुरे!"

"घ्या हो भावजी. दारचीच म्हैस आहे, लाजता कशाला?"

सयाजी वाटीकडे बघत राहिला. महिनाअखेर, आणि वाटीनं तूप! याच वेळी चिंचवडात प्रभावती, त्याची बायको, शेवटचा थेंब उतरावा म्हणून तेलाची बाटली कढईवर उलटी धरून उभी असणार. त्याला हेवा वाटला. थोडाथोडका नव्हे, पोटात कुणी ओलं फडकं पिळावं तसा. यशवंत त्याच्यापेक्षा हुशार नव्हता. ट्रेनिंगमध्ये यशवंताचे जोड सयाजीनंच सारखे करून दिले होते. मग हे तूप त्याच्या ताटात का? पानावरून उठताना सयाजीनं "फारच छान झालं सगळं" म्हटलं, आणि ते म्हणताना त्याची जीभ जड झाली.

घरी परतल्यापासून कराड त्याच्या तोंडात बसलं. रहाटणीहून सायकलवर येणाऱ्या गवळ्याचं दूध पातळ निघालं की, "कराडला म्हैस दारात असते." भाजी महाग मिळाली की, "कराडला वांगी काय, नुसती फेकतात." रॉकेलच्या रांगेत, नळाच्या रांगेत, भाडं देताना, सगळीकडे कराड. प्रभावती घरात बसून चाळीतल्या बायकांची पोलकी शिवायची. मशीनचं चाक थांबवून ती एकदा म्हणाली, "एवढं आहे तर त्या म्हशीशीच संसार मांडा की."

शेजारच्या सोजरबाईला तर हसायला खाद्यच मिळालं. तिचा नवरा कोंडीराम एका मोठ्या कंपनीत होता, शिफ्टनं जायचा, ओव्हरटाइम करायचा, आणि बोनसमधून त्यांनी टेबलफॅन घेतला होता. सोजरबाईचं माहेर महाळुंग्याचं, तोंड फटकळ, मन मोकळं. सयाजी दिसला की ती दारातून विचारी, "काय मास्तर, आज कराडात काय सस्त झालं?"

स्टाफरूममध्ये त्यानं हा विषय अण्णासाहेबांपुढे काढला. अण्णासाहेब ड्रॉइंग शिकवायचे आणि बदल्यांवर बदल्या होऊन त्यांचं निम्मं राज्य पालथं घालून झालं होतं. ते पान लावता लावता म्हणाले, "मुंबईत भत्ता जास्त होता, तो खोलीवाल्यानं नेला. नागपुरात खोली स्वस्त, तर पोरं उन्हानं आजारी, ते डॉक्टरनं नेलं. सांगलीत सगळंच स्वस्त. पण तिथं आमच्या सौभाग्यवतींचं माहेर. सगळं माहेर आमच्याकडे जेवायला. शेवाळे, पगाराला गाव कळत नाही, पण गावाला पगार बरोबर कळतो."

बाकीचे हसले. सयाजी हसला नाही. त्याच्या मनात एकच आलं, अण्णासाहेब कराडला कुठं राहिलेत?

पुढल्या वर्षी नेमका यशवंतच चिंचवडला परीक्षक म्हणून आला. आणि आला तोही महिनाअखेरीलाच. तो येणार हे कळलं त्या दिवसापासून सयाजीच्या डोक्यात एकच किडा वळवळायला लागला. कराडच्या त्या तुपाला उत्तर द्यायचं.

"सोजरबाईचा पंखा माग," तो प्रभावतीला म्हणाला. "आणि तिची ती स्टीलची ताटं. आणि रेडिओ."

"आणि कोंडीरामभावजींना पण मागू का? कंपनीच्या कपड्यात दारात उभे राहतील."

"थट्टा नको. त्यानं मला वाटीनं तूप वाढलंय."

"मग आपण चमच्यानं वाढू. आपल्या घरात चमचाच आहे." पण त्याचं तोंड बघून तिला दया आली असावी, कारण संध्याकाळी ती गेली आणि मागून आली. सोजरबाईनं सगळं आनंदानं दिलं. नाटक बघायला मिळणार म्हणून तिला उलट जोर चढला. सयाजीच्या खोलीत दिव्याखेरीज विजेची सोयच नव्हती, म्हणून पंख्याची तार सोजरबाईच्या खोलीतून खिडकीवाटे आणली आणि ती दिसू नये म्हणून प्रभावतीनं खिडकीला आपलं जुनं लुगडं पडद्यासारखं लावलं. तुपाचा बुधलाही सोजरबाईचाच. महाळुंग्याच्या माहेरून आलेला.

यशवंत आला तेव्हा दोन दिवस पाऊस लागून राहिला होता. हवा गारठलेली. पण पंखा मागून आणलाय म्हटल्यावर तो फिरायलाच हवा होता. तो पुऱ्या वेगानं यशवंताच्या तोंडावर फिरत होता आणि यशवंत उपरणं गळ्याभोवती गुंडाळून स्टीलच्या ताटापुढे अंग चोरून बसला होता.

"जरा कमी करतोस का रे?" शेवटी तो म्हणाला.

सयाजी उठला. सगळा जन्म यंत्रांशी खेळलेला माणूस, पण त्याला पंख्याचं बटण सापडेना. पुढून चाचपलं, मागून चाचपलं, एक खटका दाबला तर पंखा मान फिरवायला लागला आणि प्रभावतीच्या पिठावर वारा घालू लागला. प्रभावती पदर तोंडाला लावून स्टोव्हकडे वळली. सयाजीला घाम फुटला. पण यशवंत पंख्याच्या बटणाकडे बघतच नव्हता. तो चकचकीत ताटाकडे, रेडिओकडे आणि पोळीवरून ओघळणाऱ्या तुपाकडे बघत होता, आणि त्याचा चेहरा बारीक होत चालला होता.

सयाजीला तो चेहरा ओळखू आला. कराडच्या त्या पाटावर त्याचा स्वतःचा असाच झाला असणार. त्याला इतकं बरं वाटलं की तो आणखी बोलत सुटला. "इथं नुसत्या पगारावर कोण बसतंय? कंपन्या संध्याकाळी बोलावतात, अप्रेंटिसांना शिकवा म्हणून. वरचं सुटतं." त्याला आजवर एकाही कंपनीनं चहालासुद्धा बोलावलं नव्हतं.

एवढ्यात सोजरबाई दारात येऊन उभी राहिली. पंखा नीट फिरतोय ना हे तिला बघायचं होतं, पण बोलली ती भलतंच. "व्हय पावनं, आमच्या मास्तरांच्या घरात काय म्हून कमी न्हाई. आमीच येतो कवा कवा यांच्याकडं मागायला."

यशवंत आणखी बारीक झाला. त्या रात्री सयाजीला गाढ झोप लागली.

परीक्षा संपवून यशवंत परत निघाला. सयाजी त्याला स्टँडवर सोडायला गेला. गाडीला वेळ होता. यशवंत पायानं माती उकरत उभा होता. मग एकदम म्हणाला, "सयाजी, आपण आपसी बदली करू या का? म्युच्युअल. तू कराड घे, मी चिंचवड घेतो. एकच पद, एकच स्केल, वरचे नाही म्हणणार नाहीत."

सयाजी दचकला, आणि लगेच त्याला गुदगुल्याही झाल्या. अंगणातली म्हैस, वाटीची धार, फेकून दिलेली वांगी, हे सगळं आपलं! हा वेडा ते आपल्या हातानं देतोय, एका उसन्या पंख्यापायी! क्षणभर त्याला वाटलं, सांगून टाकावं याला. दोस्त आहे, बायको आहे त्याला, उद्या उघडा पडेल. पण ते तूप आठवलं. इतकी वर्षं यानं खाल्लं, आता जरा आपण खाऊ. आणि मी कुठं त्याला बोलावलं? मागतोय तोच.

"बघू," सयाजी तोंडावर कष्ट आणत म्हणाला. "तुझ्यासाठी विचार करतो."

प्रभावतीनं ऐकलं आणि शिवणाची सुई पोलक्यात टोचून ठेवली. "एवढी म्हैस दारात असलेला माणूस ती सोडून इथं पत्र्याखाली यायला का बघतोय? हे नाही विचारलंत?"

"त्याला आपला हेवा वाटतोय. तू बघितला नाहीस त्याचा चेहरा?"

"बघितला. म्हणूनच म्हणते. आपण पंखा उसना आणला. त्यांनी काय आणलं होतं?"

सयाजी चिडला. "यशवंत असलं करणार नाही. तेवढी अक्कल नाही त्याला."

"पोरांचे जोड उजेडात धरून बघता," ती म्हणाली, "हा पण एकदा धरून बघा. माझी इथली गिऱ्हाइकं मोडतील. कराडात मला कोण ओळखतंय? आणि एकदा सही केली की परत यायची सोय नाही."

हे शेवटचं खरं होतं. आपल्या मागणीनं घेतलेली बदली, त्यामुळे सामान न्यायचा खर्चही पदरचा, आणि पुन्हा मागायला तोंड राहायचं नाही. प्रभावतीला या चाळीत उभं राहायला सहा-सात वर्षं लागली होती. पोलकं बसत नाही म्हणून बायका पुण्याहून परत तिच्याकडे यायच्या. ते सगळं सोडून ती कुणाच्या तरी म्हशीपायी जाणार होती. हे सयाजीला कळत नव्हतं असं नाही. पण हेव्याचं एक आहे, तो एकदा पोटात शिरला की माणसाला स्वतःच्या ताटातलं दिसेनासं होतं. त्यानं अर्जावर सही केली. तिकडून यशवंतानं केली. दुरून डोंगर साजरे ही म्हण दोघांनाही शाळेत पाठ झाली होती.

हुकूम उन्हाळ्यात आले. खर्च वाचावा म्हणून दोघांनी ठरवलं, ट्रक एकच करायचा. कराडहून यशवंताचं सामान घेऊन यायचं, इथं उतरवायचं आणि त्यात सयाजीचं भरून परत कराड. युक्ती यशवंताची. सयाजीलाही ती आवडली. येणाऱ्या ट्रकमधून यशवंताचा थाट उतरताना चाळ बघेल आणि आपण कुठल्या थाटात जाणार ते सगळ्यांना कळेल, असंही त्याला वाटलं.

सकाळपासून त्यानं आपलं सामान अंगणात काढून ठेवलं. खाट, स्टोव्ह, शिलाई मशीन, दोन गाठोडी, हिरवी ट्रंक. पंखा, ताटं आणि रेडिओ अर्थातच नव्हते. यशवंतानं विचारलं तर काय सांगायचं तेही त्यानं ठरवून ठेवलं होतं. सगळं आधीच पुढं धाडलं, असं. चाळीतल्या बायका प्रभावतीला भेटून जात होत्या आणि प्रभावती प्रत्येकीला तिचं शिवून झालेलं पोलकं देत होती. अर्धवट राहिलेली दोन तिनं तशीच घडी करून परत केली. ते करताना तिनं सयाजीकडे एकदाही बघितलं नाही.

ऊन तापल्यावर ट्रक आला. यशवंत पुढून उतरला, शालनबाई उतरल्या. सयाजी टाचा उंचावून ट्रकमध्ये बघू लागला. फळ्या खाली पडल्या. हमालांनी एक खाट काढली, नवार ढिली झालेली. मग स्टोव्ह. मग दोन गाठोडी. मग हिरवी ट्रंक.

"आणि बाकीचं?" सयाजीनं विचारलं.

"बाकीचं काय?" यशवंत म्हणाला. त्याची नजर सयाजीच्या सामानावरून फिरत होती. खाट, स्टोव्ह, गाठोडी, ट्रंक. ती नजर पुन्हा एकदा फिरली. मग खोलीच्या उघड्या दारातून आत गेली आणि रिकाम्या भिंतीवर थांबली.

"पंखा?" यशवंतानं विचारलं.

पुढं धाडला, हे सयाजीच्या ओठांवर आलं होतं. पण त्याच्या तोंडून निघालं, "म्हैस?"

दोघांच्या मधे दोन संसार उन्हात शेजारी शेजारी पडलेले, आणि एका हमालानं दोन हिरव्या ट्रंकांकडे बघत ओरडून विचारलं, "ओ मास्तर, यातली कुठली चढवायची आन् कुठली ठेवायची?" दोघांनीही आधी एका ट्रंकेकडे बघितलं, मग दुसरीकडे.

"म्हैस मालकाची," यशवंत शेवटी हळूच म्हणाला. "धोंडीबा म्हणून घरमालक आहेत, त्यांची. आमच्या अंगणात बांधतात."

"म्हणूनच शिंग उगारलं तिनं तुझ्यावर," सयाजी म्हणाला.

"आणि तुला म्हणूनच बटण सापडेना," यशवंत म्हणाला.

असल्या वेळी गोष्टीतली माणसं हसून एकमेकांना मिठ्या मारतात. ही दोघं तशी नव्हती. सयाजीला यशवंताचा असा संताप आला की दोन थोबाडीत द्याव्या. दोन वर्षं ज्या तुपासाठी जीव जाळला, ते तूप यानं उसनं आणून वाढलं! आपण पंखा आणला ते या गृहस्थाला उत्तर म्हणून, याच्या खोटेपणामुळे! आणि यशवंताच्या चेहऱ्यावरही अगदी हेच लिहिलेलं होतं. एकानं दुसऱ्याला लबाड म्हणायचं तर कसं म्हणायचं, म्हणून दोघंही हमालांवर खेकसायला लागले.

बायकांना मात्र बोलायला वेळ नव्हता आणि लाजायलाही नव्हता. शालनबाई पदरानं घाम पुसत प्रभावतीजवळ आल्या आणि सरळ विचारलं, "वहिनी, इथं महिनाअखेरीला उसनं कोण देतं?"

"या सोजरबाई," प्रभावतीनं बाजूच्या दाराकडे हात केला. "तोंडानं बोलतील, पण नाही म्हणणार नाहीत. रॉकेलचा नंबर पण धरतात. गवळ्याला पैसे आठवड्याचे द्या, महिन्याचे नको, नाहीतर पाणी वाढवतो. तिकडं?"

"धोंडीबांच्या घरातल्या, तानुबाई. तूप, साखर देतात, पण परत करताना वाटी मापून घेतात. चांदीचा पेला त्यांचाच. आणि अंगणातलं शेण आपण काढायचं, ते भाड्यातच धरलंय." शालनबाईंनी आवाज खाली केला. "वांगी स्वस्त आहेत खरी. पण ती स्वस्त आहेत ती कुणाच्या हातात पैसा नाही म्हणून, मग पोलकं शिवायला कुठून देणार? बायका घरीच शिवतात."

प्रभावतीनं मान हलवली. गावागावातले पगार कसे पुरतात याचा जो घोळ सयाजी दोन वर्षं घालत होता, तो या दोघींनी अंगणात उभ्या उभ्या निकालात काढला. मग प्रभावतीनं खोलीची किल्ली शालनबाईंच्या हातात दिली आणि म्हणाली, "खिडकीला माझं लुगडं राहिलंय. राहू द्या तुम्हाला."

हुकूम दोघांच्याही खिशांत होते. फिरवायचे कुणी म्हटलं तरी फिरणार नव्हते, आणि साहेबापुढं जाऊन सांगणार तरी काय? शेवटी सयाजीचं सामान ट्रकमध्ये चढलं. हिरवी ट्रंक कुठली गेली ते उघडून बघायच्या मनःस्थितीत कुणी नव्हतं. प्रभावती ड्रायव्हरशेजारी बसली, सयाजी दाराला टेकून. दोस्त दोस्ताला "येतो" म्हणाला, दोस्त दोस्ताला "ये" म्हणाला.

ट्रक वळणावर हळू झाला तेव्हा सयाजीनं मान काढून मागं बघितलं. यशवंत त्याच्या, सयाजीच्या, उंबऱ्यावर बसला होता. नेमक्या त्या जागी, जिथं दुपारी भिंतीची सावली पडते आणि नदीचा वारा लागतो. ती जागा सयाजीनं स्वतः शोधून काढली होती. सदरा काढून, डोकं धरून, घामानं निथळत यशवंत बसला होता. आणि सोजरबाई, कुणी मागितलं नसताना, आपल्या खिडकीतून तार ओढत पंखा घेऊन येत होती. तिनं तो यशवंतापुढं ठेवला, आपल्या हातानं बटण दाबलं आणि कोंडीराम मागून चहाच्या कपबशा घेऊन आला.

सयाजीच्या पोटात ते ओलं फडकं पुन्हा पिळलं गेलं. कराडकडे नव्हे, या खेपेला चिंचवडकडे बघून. तो पत्रा, ती फरशी, ती सावली, ती फटकळ बाई, सगळं त्याला एकदम असं दिसलं की जणू दुसऱ्या कुणाच्या ताटात वाढलेलं आहे. आणि होतंच ते आता दुसऱ्याच्या ताटात.

"बघ," तो प्रभावतीला म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला. "आला नाही तोच त्याला पंखा. आपल्याला इतक्या वर्षांत कधी आपण होऊन दिला तिनं? मागावा लागला आपल्याला."

प्रभावतीनं मागं बघितलं नाही. मशीनचं चाक हलू नये म्हणून ते तिनं सोडवून घेतलं होतं आणि मांडीवर धरलं होतं.

"तिला कधी कळू दिलंत का," ती म्हणाली, "की तुम्हाला उकडतंय?"